तंत्रशंका : सेफ क्लस्टरची आवृत्ती बदलताना

या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेले प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. अनेक सर्व्हरांच्या डिस्क एकत्र बांधून एकच मोठा साठा (क्लस्टर) उभा करणाऱ्या 'सेफ' या मुक्त प्रणालीची आवृत्ती बदलायची कशी? सेफच्या मोठ्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णक्रमाने नावे मिळतात : नॉटिलस १४, ऑक्टोपस १५, पॅसिफिक १६, क्विन्सी १७, रीफ १८, स्क्विड १९. उत्तरांतल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, त्या टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरावीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मॉनिटर, म्हणजे क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारे सेफचे प्रोग्राम, एकदा नव्या मोठ्या आवृत्तीवर गेले की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत आज्ञांपेक्षा तपासण्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. तीन सर्व्हरांवर प्रॉक्समॉक्स ७ (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) आणि त्यातच सेफ पॅसिफिक चालते. प्रत्येक सर्व्हरमध्ये १२८ जीबी रॅम आणि ४ टीबीच्या चार एसएसडी आहेत. हिशेब, हजेरी, जकार्डच्या डिझाइन फाइली असे सगळे याच साठ्यावरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे. आम्हाला प्रॉक्समॉक्स ८ आणि सेफ रीफवर जायचे आहे. एका रविवारी दोन्ही उरकेल का?

उत्तर : एका रविवारी उरकू नका. हे काम तीन टप्प्यांचे आहे आणि प्रत्येक टप्प्यानंतर निदान काही दिवस यंत्रणा रोजच्या भाराखाली चालू द्यावी. सेफच्या नियमाप्रमाणे मधली एक आवृत्ती ओलांडता येते, म्हणजे पॅसिफिकवरून थेट रीफ चालते. पण प्रॉक्समॉक्स ७ साठी रीफची पॅकेजेस नाहीत, आणि प्रॉक्समॉक्स ८ वर जाण्याआधी सेफ क्विन्सीवर असावे लागते. म्हणून क्रम असा : आधी पॅसिफिकचे क्विन्सी, मग प्रॉक्समॉक्स ७ चे ८, शेवटी क्विन्सीचे रीफ.

हात लावण्याआधी चार गोष्टी पाहा. 'सेफ मायनस एस' केल्यावर 'हेल्थ ओके' दिसले पाहिजे. पिवळी सूचना असेल तर ती आधी मिटवा, 'अपग्रेडनंतर बघू' म्हणू नका. 'सेफ व्हर्जन्स'मध्ये सगळे डेमन (पार्श्वभूमीत चालणारे सेफचे प्रोग्राम) एकाच आवृत्तीचे दिसावेत. कुठलीही डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरलेली नसावी, कारण तिथून सेफ 'नियरफुल'चा इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लिहिणेच थांबवते. चौथी गोष्ट रॅमची, आणि नेमकी तीच बहुतेकांकडून राहते. प्रत्येक ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा डेमन) सुमारे ४ जीबी धरून बसते. चार ओएसडींचे १६ जीबी, त्यावर मॉनिटर आणि प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा खर्च, म्हणजे एका सर्व्हरवर मशीनसाठी साधारण १०० जीबी उरतात. एक सर्व्हर बंद असताना तिन्हींवरची मशीन दोघांत मावायला हवीत, म्हणून सगळ्या मशीनची रॅम मिळून २०० जीबीच्या आत आहे का, हे कागदावर बेरीज करून पाहा. मावत नसतील तर कमी महत्त्वाची मशीन त्या दिवशी बंद ठेवा.

आणि बॅकअप या क्लस्टरच्या बाहेर हवा. सेफ तीन प्रती ठेवते, पण त्या डिस्क बिघडली तरच उपयोगी पडतात. चुकीची आज्ञा तिन्ही प्रतींवर एकदमच लागू होते.

पहिल्या टप्प्यात 'सेफ ओएसडी सेट नोआउट' हा फ्लॅग लावा. ओएसडी बंद पडल्यावर सेफ ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे वाट पाहते आणि मग तिचा डेटा इतरत्र उभा करायला घेते. हा फ्लॅग असला की घेत नाही. तिन्ही सर्व्हरांवर पॅकेजचा स्रोत क्विन्सीचा करून 'एपीटी अपडेट' आणि 'एपीटी फुल-अपग्रेड' चालवा. इथे अनेकांना काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात डिस्कवर नवी पॅकेजेस आली, पण चालू डेमन जुनेच आहेत. ते पुन्हा सुरू करेपर्यंत काहीच बदललेले नसते.

मॉनिटर एकेक करून पुन्हा सुरू करा आणि प्रत्येक वेळी तिन्ही मॉनिटर कोरममध्ये (निर्णयाला लागणाऱ्या बहुमताच्या गटात) परत आल्याची खात्री करा. दोन मॉनिटर एकदम बंद झाले तर कोरम तुटतो आणि क्लस्टर थांबतो. तिन्ही झाले की 'सेफ मॉन डंप'मध्ये 'मिन मॉन रिलीज १७' दिसते. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग मॅनेजर (देखरेखीचे डेमन). मग ओएसडी, एका वेळी एकाच सर्व्हरच्या. सगळे पीजी (सेफने पाडलेले डेटाचे गट) 'अॅक्टिव्ह प्लस क्लीन' झाल्यावरच पुढचा सर्व्हर. शेवटी 'सेफ ओएसडी रिक्वायर-ओएसडी-रिलीज क्विन्सी' आणि 'सेफ ओएसडी अनसेट नोआउट'.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक सर्व्हरवर 'पीव्हीई-सेव्हन-टू-एट' ही तपासणी 'फुल' पर्यायासह चालवा आणि तिने दाखवलेली प्रत्येक लाल ओळ मिटवा. सर्व्हर रीबूट होणार असल्याने नोआउट इथेही लावा. सर्व्हरवरची मशीन दुसरीकडे हलवून मगच तो अपग्रेड करा. इथे एक खाचखळगा आहे. जुन्या प्रॉक्समॉक्सवरून नव्यावर चालू मशीन हलते, नव्यावरून जुन्यावर हलेलच याची हमी नाही. म्हणजे पहिला सर्व्हर ८ वर गेला आणि त्यावर मशीन आणली, की ती ७ वर परत नेण्याचा बेत आखू नका.

दुसरा खाचखळगा नेटवर्क कार्डाचा. नव्या कर्नलमध्ये कार्डाचे नाव बदलू शकते. साठ्याच्या जाळ्याचे कार्ड १० गिगाबिटचे आणि वेगळे असेल, तर रीबूटनंतर ते जुन्या नावाने सापडत नाही आणि त्या सर्व्हरच्या चारही ओएसडी 'डाउन' दिसतात. घाबरून डिस्क काढू नका. आधीच मॅक पत्त्यावरून नाव पक्के करणारी 'लिंक' फाइल लिहून ठेवली तर हा प्रसंगच येत नाही. रीबूटच्या वेळी स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून एक माणूस सर्व्हरजवळ हवा, कारण नेटवर्क गेले की दूरून काही करता येत नाही.

तिसरा टप्पा पहिल्यासारखाच, फक्त क्विन्सीच्या जागी रीफ.

प्रश्न : होटगी रस्त्यावरील रुग्णालयात आम्ही सीटी स्कॅन आणि एक्स-रेच्या प्रतिमा सेफवर ठेवतो. तीन सर्व्हर आहेत, जागा वाचावी म्हणून इरेजर कोडिंग २ अधिक १ वापरले. सेफएडीएमने (सेफची उभारणी आणि अपग्रेड करणारे साधन) क्विन्सीवरून रीफचे अपग्रेड सुरू केले. मॅनेजर आणि मॉनिटर झाले, पण ओएसडीपाशी 'अनसेफ टू स्टॉप' असे म्हणून कालपासून तिथेच आहे. कुणी सुचवले की मिन साइझ कमी करा. करावे का?

उत्तर : लगेच करू नका. सेफएडीएम अडले ते बरोबर अडले आहे. २ अधिक १ मध्ये प्रत्येक वस्तूचे दोन डेटाचे आणि एक पॅरिटीचा (हरवलेला तुकडा परत काढण्यासाठीचा) असे तीन तुकडे तीन सर्व्हरांवर जातात. तुमच्या पूलची मिन साइझ (वाचन-लेखन चालायला किमान किती तुकडे हजर हवेत तो आकडा) डेटाच्या तुकड्यांहून एक जास्त, म्हणजे ३ ठेवलेली दिसते. एक ओएसडी बंद झाली की दोनच तुकडे उरतात, ते ३ पेक्षा कमी, म्हणून तिथले वाचन-लेखन थांबते. सेफएडीएम प्रत्येक ओएसडी बंद करण्याआधी हाच प्रश्न विचारते आणि उत्तर 'नाही' आले की थांबते. ते कितीही वेळ तसेच थांबेल.

मिन साइझ २ केली तर अपग्रेड पुढे सरकेल, हे खरे. पण त्या काळात आलेली प्रतिमा फक्त दोन तुकड्यांवर लिहिली जाईल, आणि त्याच वेळी दुसरी एक डिस्क गेली तर ती प्रतिमा परत येणार नाही. रुग्णाच्या नोंदीसाठी हा धोका घेऊ नये.

त्याऐवजी थोडा वेळ साठा थांबू द्या. साठा थांबला तर माणसे वाट पाहतात, डेटा गमावत नाही. 'सेफ ऑर्च अपग्रेड पॉज' करा. रात्री दोन-तीनच्या सुमाराची वेळ सीटी विभाग आणि अपघात विभागाशी बोलून ठरवा. त्या वेळात आलेल्या प्रतिमा स्कॅनरच्या स्वतःच्या डिस्कवरच राहतील आणि नंतर पाठवल्या जातील, अशी व्यवस्था तंत्रज्ञाकडून आधी करून घ्या. मग 'सेफ ऑर्च डेमन रीडिप्लॉय' ही आज्ञा नव्या आवृत्तीच्या कंटेनर इमेजच्या नावासह एकेका ओएसडीवर चालवा. ती ओएसडी परत येईपर्यंत तिच्यावरच्या पीजींचे काम अडेल, ती आली की आपोआप सुरू होईल. सगळे पीजी क्लीन झाल्याशिवाय पुढची घेऊ नका. नवी इमेज तिन्ही सर्व्हरांवर आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, नाहीतर रात्री इंटरनेट मंद पडल्यावर एकेका ओएसडीला कितीतरी मिनिटे जातील. सगळ्या झाल्या की 'अपग्रेड रिझ्यूम' करा, सेफएडीएम झालेल्या ओएसडी सोडून पुढचे डेमन घेईल.

खरा दोष रचनेतला आहे. तीन सर्व्हरांवर २ अधिक १ म्हणजे एकही सर्व्हर देखभालीसाठी बंद करता येत नाही. चौथा सर्व्हर घेतलात तर २ अधिक २ ची रचना बसते. तिची मिन साइझ ३ राहते आणि एक सर्व्हर बंद असतानाही काम चालते. मात्र चालू पूलची इरेजर कोडिंगची रचना बदलता येत नाही. नवा पूल करून प्रतिमा त्यात हलवाव्या लागतात. चौथ्या सर्व्हरसाठी व्यवस्थापनाकडे मागणी करताना हीच गोष्ट लिहा. जागा किती वाचते यापेक्षा हा मुद्दा त्यांना लवकर समजेल.

प्रश्न : बार्शीच्या महाविद्यालयात सेंटओएस ७ वर नॉटिलस आहे. ओएसडी फाइलस्टोअरच्या (डिस्कवर डेटा ठेवण्याची जुनी पद्धत) आहेत. थेट रीफवर जाता येईल?

उत्तर : नाही. नॉटिलस १४ वरून जास्तीत जास्त पॅसिफिक १६, आणि तिथून रीफ १८. रीफमधून फाइलस्टोअर काढून टाकले आहे, त्यामुळे त्या ओएसडी रीफवर सुरूच होणार नाहीत. कोणती ओएसडी कशावर आहे हे 'सेफ ओएसडी काउंट-मेटाडेटा ओएसडी-ऑब्जेक्टस्टोअर' या आज्ञेने कळते. त्यात फाइलस्टोअरसमोर एकही आकडा दिसला तर थांबा.

ब्लूस्टोअरवर (तिच्या जागी आलेली नवी पद्धत) बदल एका वेळी एकाच डिस्कचा करा : ओएसडी 'आउट' करा, डेटा दुसरीकडे जाऊ द्या, 'सेफ-टू-डिस्ट्रॉय' विचारून होकार आला की डिस्क पुसा आणि त्याच क्रमांकाने ब्लूस्टोअरची ओएसडी बनवा. ४ टीबीची भरलेली हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीने भरायची तर ४०,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ ११ तास. बारा डिस्क असतील तर दोन आठवड्यांचे काम धरा.

सेंटओएस ७ साठी पॅसिफिकची पॅकेजेस नाहीत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमही बदलावी लागेल. ती आणि सेफची आवृत्ती एकाच दिवशी बदलू नका. काही बिघडले तर दोष कोणाचा हे शोधता येत नाही. पॅसिफिकमध्ये थेट १६.२.१५ घ्या, ती त्या मालिकेची शेवटची आहे. १६.२.६ आणि त्याआधीच्या पॅसिफिकमध्ये 'ब्लूस्टोअर-एफएससीके-क्विक-फिक्स-ऑन-माउंट' हा पर्याय चालू असेल तर डेटा बिघडवणारा दोष होता, तो १६.२.७ मध्ये दुरुस्त झाला.

आमचे प्रामाणिक मत विचाराल तर : सर्व्हर सात-आठ वर्षांचे असतील आणि डेटा काही टीबींचाच असेल, तर नव्या यंत्रांवर नवा क्लस्टर उभारून डेटा त्यात नेणे कमी कष्टाचे आहे. जुना क्लस्टर तसाच राहतो, म्हणून परतीची वाटही राहते. वर सांगितलेल्या मार्गात ती कुठेच नाही.

प्रश्न : अपग्रेड झाले, पण आता दोन सूचना जात नाहीत. एक, 'इनसिक्युअर ग्लोबल आयडी रिक्लेम'ला मॉनिटर परवानगी देत आहेत. दोन, सगळ्या ओएसडी नव्या आवृत्तीवर आहेत, पण 'रिक्वायर ओएसडी रिलीज' जुनी आहे. दुर्लक्ष केले तर चालेल? (जुळे सोलापूर)

उत्तर : दुसरी आज मिटवा : 'सेफ ओएसडी रिक्वायर-ओएसडी-रिलीज' पुढे नव्या आवृत्तीचे नाव. आज दुर्लक्ष केल्याचा त्रास पुढच्या अपग्रेडला होतो. नोंदलेली आवृत्ती फार मागे राहिली तर पुढच्या आवृत्तीची ओएसडी क्लस्टरमध्ये यायलाच नकार देते, आणि रात्री कारण सापडत नाही. आधी 'सेफ व्हर्जन्स'मध्ये एकही जुनी ओएसडी उरलेली नाही हे मात्र पाहा.

पहिली सूचना, म्हणजे क्लायंटना (साठा वापरणाऱ्या यंत्रांना) जुनी ओळख असुरक्षित रीतीने परत मिळवू देण्याची, २०२१ मध्ये उघड झालेल्या सुरक्षा-दोषाशी जोडलेली आहे. 'ऑथ-अलाउ-इनसिक्युअर-ग्लोबल-आयडी-रिक्लेम' बंद केले की ती जाते. पण घाई नको. या सूचनेच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणते की जुने क्लायंट आजही जोडलेले आहेत, दुसरी म्हणते की आता कोणी नाही, तरी परवानगी चालू आहे. 'सेफ हेल्थ डिटेल'मध्ये पहिली दिसत असेल तर त्यातच क्लायंटचे पत्ते असतात. ते क्लायंट नवे करा, त्यांच्यावरची मशीन पुन्हा सुरू करा, मगच परवानगी काढा. आधीच काढलीत तर कोपऱ्यात चाललेला एखादा जुना सर्व्हर साठ्यापासून तुटेल.

प्रश्न : क्विन्सीवर आल्यापासून आमच्या हार्ड डिस्कचा क्लस्टर मंद झाला आहे. काही ओएसडी ठीक, काही फारच हळू. पूर्वी रिकव्हरी जास्त झाली की 'ओएसडी मॅक्स बॅकफिल्स' (एका वेळी किती डेटा-हलवणी चालावी तो आकडा) कमी करायचो, आता त्याने काहीच फरक पडत नाही. डिस्क सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या आहेत.

उत्तर : डिस्कचा दोष नाही. क्विन्सीपासून कामाची वाटणी 'एमक्लॉक' नावाचा शेड्यूलर करतो. बॅकफिल्सचा आकडा तो स्वतः ठरवतो, म्हणून तुमचा आकडा तो ऐकत नाही. क्लायंटचे काम आधी हवे असेल तर 'ओएसडी-एमक्लॉक-प्रोफाइल' हे 'हाय-क्लायंट-ऑप्स' करा.

असमान वेगाचे कारण वेगळे आहे. ओएसडी पहिल्यांदा सुरू होताना एक छोटी चाचणी घेऊन आपली डिस्क सेकंदाला किती कामे करू शकते ते मोजते आणि तो आकडा कायमचा नोंदवते. हार्ड डिस्कसाठी चाचणीत ५०० च्या वर काही आले तर ते खोटे मानून ती मूळ ३१५ हाच आकडा धरते. पण खालच्या बाजूला असा अटकाव नव्हता. अपग्रेडच्या वेळी एका सर्व्हरच्या सगळ्या ओएसडी एकदम सुरू झाल्या, डिस्क आधीच कामात होत्या, तर एखादीचा आकडा ३० किंवा ४० नोंदला जातो. मग ती डिस्क कितीही मोकळी असली तरी एमक्लॉक तिला तेवढेच काम देतो.

'सेफ कॉन्फिग डंप'च्या उत्तरात 'मॅक्स-कपॅसिटी-आयऑप्स-एचडीडी' शोधा. एकसारख्या डिस्कचे आकडे फार वेगवेगळे दिसले तर हेच झाले आहे. रात्री भार कमी असताना त्या ओएसडीवर आधी 'सेफ टेल' ने 'कॅश ड्रॉप' आणि मग 'बेंच १२२८८००० ४०९६ ४१९४३०४ १००' चालवा. दोन-तीनदा चालवून जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तो हाताने नोंदवा. मोजायला वेळ नसेल तर चुकीची नोंद काढून टाका, ओएसडी ३१५ वर परत येईल.

प्रश्न : दैनिकाच्या छायाचित्रांचा संग्रह सेफएफएसवर (सेफची फाइल प्रणाली) आहे, दोन मेटाडेटा सर्व्हर (फाइली-फोल्डरांची नोंद ठेवणारे डेमन) एकदम सक्रिय असतात. हाताने अपग्रेड करताना वेगळे काही?

उत्तर : हो. मेटाडेटा सर्व्हरांची पाळी ओएसडींनंतर येते. तेव्हा आधी 'स्टँडबाय-रिप्ले' बंद करा आणि 'मॅक्स-एमडीएस' १ करा. 'सेफ स्टेटस'मध्ये फक्त ० क्रमांकाचा सक्रिय उरेपर्यंत थांबा; मोठ्या संग्रहात याला वेळ लागतो. मग राखीव मेटाडेटा सर्व्हर बंद करा, एकटा उरलेला नव्या आवृत्तीवर सुरू करा, राखीव पुन्हा सुरू करा, आणि शेवटी मॅक्स-एमडीएस पूर्ववत २ करा. आदल्या दिवशीच्या पानांचे काम संपल्यावर, पहाटे, ही वेळ तुम्हाला सोयीची.

प्रश्न : सोलापूरच्या मे महिन्यात अपग्रेड करावे का? आणि मध्येच वीज गेली तर? (चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर : शक्य असेल तर मे टाळा. बाहेर ४२-४३ अंश असताना एसी कसाबसा खोली थंड ठेवतो, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर मागे राहिलेला डेटा जुळवताना सगळ्या डिस्क एकदम कामाला लागतात. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमाराचे गड्डा यात्रेचे दिवसही टाळा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने शहरातले रस्ते बंद असतात आणि दुकानातून एक केबल आणायची तरी अडचण होते. दिवाळीनंतरचे आठवडे बरे.

वीज मध्येच गेली म्हणून अपग्रेड बिघडत नाही. प्रत्येक डेमन एक तर जुना असतो किंवा नवा, आणि मधल्या काळात दोन्ही एकत्र चालतात. धोका दोन ठिकाणी आहे. एक, स्वस्त एसएसडी. वीज जाताना हातातला डेटा पूर्ण लिहून ठेवणारी कपॅसिटरची सोय त्यांत नसते, आणि ओएसडीचा अंतर्गत डेटाबेस बिघडू शकतो. खरेदीच्या वेळी 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' असलेल्याच घ्या. दोन, घड्याळ. जुन्या सर्व्हरमधली मदरबोर्डची गोल बॅटरी संपलेली असेल तर वीज परतल्यावर घड्याळ मागे जाते. मॉनिटरांना आपसांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही, फार फरक पडला तर कोरमच जमत नाही. अपग्रेडच्या आधी घड्याळे जुळवणारा 'क्रोनी' तिन्ही सर्व्हरांवर चालू आहे का पाहा, आणि त्यांतल्या एकाला बाकीच्यांसाठी स्थानिक वेळेचा स्रोत करा, म्हणजे इंटरनेट नसले तरी तिघांची वेळ जुळेल. बॅटरी 'सीआर २०३२' जातीची, घड्याळाच्या दुकानात मिळते. सर्व्हर बंद असेल त्याच वेळी बदलून टाका.

पूर्ण अंधारातून उठताना आधी नेटवर्कचा स्विच, मग मॉनिटर असलेले सर्व्हर, घड्याळ आणि कोरम तपासून मग बाकीचे, सगळे पीजी सक्रिय झाल्यावर व्हर्च्युअल मशीन, असा क्रम ठेवा. नोआउट लावलेला असेल तर तो तसाच लागलेला असतो, पुन्हा लावायची गरज नाही. काम संपल्यावर तो काढायची आठवण मात्र फळ्यावर लिहून ठेवा. तो राहून गेला तर पुढच्या महिन्यात खरोखर डिस्क बिघडेल तेव्हा सेफ तिच्या प्रती नव्याने उभ्या करणार नाही.